दहा वर्षांच्या मुलाला शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षेसाठी कसे तयार करावे

काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती परीक्षेचा पहिला पेपर सुटल्यावर माझ्या वर्गातली एक मुलगी केंद्राच्या फाटकाशी आली आणि म्हणाली, ‘‘बाई, सगळी उत्तरं दिली, तरी शेवटी एक ओळ उरली.’’ तिची प्रश्नपत्रिका हातात घेतल्यावर उलगडा झाला. एकतिसावा प्रश्न अवघड वाटला म्हणून तिने तो सोडला होता, परंतु उत्तरपत्रिकेवरची एकतिसावी ओळ मोकळी ठेवायची राहून गेली होती. बत्तिसाव्या प्रश्नाचे उत्तर एकतिसाव्या ओळीत गेले आणि तिथून पंचाहत्तराव्या प्रश्नापर्यंत प्रत्येक उत्तर एक घर वर सरकले. सव्विसाव्या प्रश्नापासून गणित सुरू होते, म्हणजे ज्या विषयात वर्गात तिच्या पुढे कोणी नव्हते तोच जवळजवळ संपूर्ण गेला. त्या मुलीला मी अपूर्णांक शिकवले, कोन मोजायला शिकवले, दशांश चिन्ह कुठे सरकते ते शिकवले, पण तो कागद कसा हाताळायचा हे मी वर्षभरात फक्त दोनदा आणि तेही तोंडी सांगितले होते. त्या दिवशी गेलेल्या गुणांची जबाबदारी मी माझ्याकडे घेतली आणि पुढच्या जूनपासून तयारीची पद्धत बदलली.

सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेत पाचवीच्या मुलांबरोबर मी जे करत आले, ते येथे पालकांसाठी आणि या वर्षी प्रथमच हा वर्ग हाती आलेल्या शिक्षकांसाठी मांडते आहे. या वयाच्या मुलाचे गुण न येण्यामुळे जितके जातात, त्याहून अधिक गुण येत असूनही जातात, असे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. ते थांबवायचे असतील तर मोठ्या माणसाने रोज थोडा वेळ मुलाच्या चुकीशेजारी बसून ती चूक कशी घडली हे शोधले पाहिजे. नवनवे सराव संच आणून देणे त्या मानाने सोपे असते, परंतु त्याने हे काम होत नाही.

परीक्षा कोणती, हे आधी नीट पाहावे

आपल्याकडे या वयात मुख्यतः तीन परीक्षांचा विचार होतो. पहिली अर्थातच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीसाठी घेतली जाऊ लागली, आणि अलीकडे ती पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे. म्हणून आपल्या मुलाची इयत्ता यंदा पात्र आहे का, हे शेजाऱ्यांना न विचारता त्या वर्षीच्या अधिसूचनेतच पाहावे. पाचवीसाठी या परीक्षेचे दोन पेपर असतात. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, तर दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असल्याने एक पेपर दीडशे गुणांचा होतो आणि त्याला दीड तास मिळतो. शिष्यवृत्तीसाठी पात्र ठरायचे तर प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के गुण लागतात, त्यामुळे एका पेपरावर दुसरा तारून नेता येत नाही.

दुसरी परीक्षा नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाची. आपल्या जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय खावली येथे आहे. या परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात. त्यातले ४० मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. मानसिक क्षमतेचा भाग संपूर्ण आकृत्यांचा असतो, तर भाषेचा भाग उताऱ्यांवर आधारलेला असतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असल्याने खेड्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाने या परीक्षेचा विचार अवश्य करावा. मात्र सहावीच्या प्रवेशासाठी या परीक्षेला एकदाच बसता येते, हे लक्षात ठेवून ते एक वर्ष वाया जाऊ देऊ नये.

तिसरी परीक्षा सैनिक शाळेची. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली आपल्या साताऱ्यातच सुरू झाली, त्यामुळे आपल्याकडे तिचे आकर्षण स्वाभाविक आहे. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत १५० मिनिटांत १२५ प्रश्न असतात आणि त्यातल्या ३०० गुणांपैकी १५० गुण एकट्या गणिताचे असतात. सामान्य ज्ञानाचे २५ प्रश्नही असतात, आणि त्यांचा अभ्यास शिष्यवृत्तीच्या तयारीत आपोआप होत नाही.

हे आकडे एकदा कागदावर मांडले की एक गोष्ट दिसते. शिष्यवृत्तीत एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात, सैनिक शाळेच्या परीक्षेतही ७२ आणि नवोदयमध्ये ९०. दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हा वेळ वाचणे, विचार करणे, कच्चे काम करणे आणि गोल रंगवणे या सगळ्यासाठी आहे. माझे मत असे की ज्या घरात अभ्यास घेणारे एकच माणूस आहे, तिथे शिष्यवृत्तीचा अभ्यास पाया धरावा, त्यावर नवोदयच्या आकृत्यांचा सराव जोडावा, आणि सैनिक शाळेचा विचार मुलाला स्वतःला तिथे जायचे असेल तरच करावा. तिन्ही परीक्षांचे वेगवेगळे वर्ग लावून मुलाला संध्याकाळी सात वाजता घरी आणणे मला कधीच पटले नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज शाळा भरते, नवोदयचा अर्ज पालकांनी ऑनलाइन भरायचा असतो आणि तो निःशुल्क असतो. अर्जातले नाव, जन्मतारीख, माध्यम आणि सेमी-इंग्रजीची नोंद पालकांनी स्वतः डोळ्यांखालून घालावी. दिव्यांग मुलांच्या सवलतींची नोंदही त्याच वेळी करावी लागते. नवोदयच्या परीक्षेत अशा मुलांना ४० मिनिटे अधिक मिळतात, आणि नोंद राहिली तर ती हक्काची मिनिटे जातात.

जून ते दिवाळी : प्रश्नपत्रिकेला हात न लावता

सुरुवातीच्या महिन्यांत सराव प्रश्नपत्रिका सोडवू नयेत, असा माझा आग्रह असतो. या काळात मुलाच्या हातात वस्तू असाव्यात. बुद्धिमत्ता चाचणीतले निम्मे प्रश्न मुलांना अवघड वाटतात ते केवळ त्यांनी ती गोष्ट प्रत्यक्ष केलेली नसते म्हणून. कागद दुमडून कात्रीने भोक पाडल्यावर उघडलेला कागद कसा दिसेल, या प्रश्नासाठी जुने वर्तमानपत्र आणि कात्री पुरे. आरशातल्या घड्याळासाठी ‘११ वाजून ६० मिनिटांतून दिलेली वेळ वजा करा’ ही युक्ती सगळे शिकवतात, आणि ती बरोबरही आहे. आरशात ३ वाजून २० मिनिटे दिसत असतील तर खरी वेळ ८ वाजून ४० मिनिटे असते. पण भिंतीवरचे घड्याळ उतरवून आरशासमोर धरणाऱ्या मुलाला त्या वजाबाकीचा अर्थ कळतो आणि मग पाण्यातल्या प्रतिमेचा प्रश्न आला की तो तीच युक्ती तिथे चिकटवत नाही.

फाशांच्या प्रश्नांत माझ्या वर्गात दरवर्षी एकच चूक होते. लुडोच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते हे मुलांना ठाऊक असते, म्हणून परीक्षेतल्या फाशावरही ती सातच असणार असे ती धरून चालतात. म्हणून पुठ्ठ्याचा घन करून त्यावर मुलांनाच हवे तसे अंक किंवा चिन्हे काढायला लावावीत आणि मग समोरची बाजू ओळखायला सांगावी. रांगेतल्या स्थानाचेही तसेच. ‘एक मुलगा रांगेत दोन्हीकडून तेरावा आहे, तर रांगेत एकूण मुले किती?’ यावर मूल चटकन २६ सांगते. सात मुलांना अंगणात उभे करून मधल्याला दोन्हीकडून मोजायला लावले की तो दोन्ही वेळा चौथा येतो, चार आणि चार आठ होतात, मुले मात्र सातच असतात. मधला मुलगा दोनदा मोजला गेला हे मूल स्वतःच ओरडून सांगते आणि २५ हे उत्तर पुन्हा कधी चुकत नाही. दिशांसाठी आपल्या शहरातल्या मुलांना पुस्तकाची गरजच नाही. अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला आहे. किल्ल्याकडे तोंड करून उभे राहिले की डावा हात पूर्वेकडे आणि उजवा पश्चिमेकडे असतो. गावातल्या मुलाला देऊळ, ओढा किंवा एखादा डोंगर हेच काम करून देतो.

गणितात या वयात सर्वांत फसवे प्रकरण वेळेचे, असे मला वाटते. ‘एसटी सकाळी ९ वाजून ५० मिनिटांनी सुटली आणि दुपारी १ वाजून १५ मिनिटांनी पोहोचली, तर प्रवासाला किती वेळ लागला?’ हा प्रश्न घातला की एखादे हुशार मूल १३१५ मधून ९५० वजा करते आणि ‘३ तास ६५ मिनिटे’ असे उत्तर देते. त्याची वजाबाकी बिनचूक असते. तास साठ मिनिटांचा असतो हे त्या क्षणी त्याच्या हातातून निसटलेले असते. त्याला ओरडण्याऐवजी बोटाने घड्याळावर चालवावे. नऊ पन्नास ते दहा म्हणजे दहा मिनिटे, दहा ते एक म्हणजे तीन तास, आणि वरची पंधरा मिनिटे, असे मिळून ३ तास २५ मिनिटे. डेअरीवरच्या दुधाच्या पावतीतले लिटर आणि मिलिलिटर, मंडईतले पाव किलो आणि अर्धा किलो, किराणा दुकानातली पिशवीवरची छापील किंमत आणि प्रत्यक्ष घेतलेली किंमत, ही सगळी मापनाची आणि शेकडेवारीची उदाहरणे आहेत, आणि फारसे न शिकलेले आई-वडीलही ती मुलाला रोज घालू शकतात.

भाषेच्या भागात लेखननियमांवरचे प्रश्न मुलांना नकोसे होतात. आपल्याकडची मुले घरी विळ्याला ‘इळा’ आणि विसाला ‘ईस’ म्हणतात. त्यावरून त्यांना हिणवू नये, कारण बोलीत काही चूक नाही. परीक्षेत विचारतात ते लिहिण्याचे नियम आहेत आणि ते वेगळे शिकायचे असतात, एवढेच सांगावे. ऱ्हस्व-दीर्घासाठी नियम पाठ करण्याआधी जोड्या म्हणून घ्याव्यात : फूल आणि फुले, मूल आणि मुले, गरीब आणि गरिबाला, वकील आणि वकिलाला. पंधरा-वीस जोड्या झाल्यावर मूल स्वतःच नियम सांगते की शेवटच्या अक्षराला काना-मात्रा नसताना आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो, आणि पुढे प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो. उताऱ्यासाठी रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन एवढेच पुरते, परंतु वाचून झाल्यावर ‘यातले कोणते वाक्य तुझ्या उत्तराला आधार देते? बोट ठेव,’ असे विचारायला विसरू नये.

इंग्रजीसाठी वेगळे काही करण्याची फारशी गरज पडत नाही. पाठ्यपुस्तकातले शब्द, त्यांचे अर्थ आणि सूचना वाचून समजणे, एवढे पक्के असले की पुरे.

चुकांची वही

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रश्नपत्रिका सुरू कराव्यात, आणि त्याच दिवशी एक शंभर पानी वही वेगळी काढावी. आठवड्याला दोनच प्रश्नपत्रिका द्याव्यात. जेवढा वेळ सोडवायला लागेल तेवढाच वेळ चुका पाहायला राखून ठेवावा. हे जमत नसेल तर प्रश्नपत्रिका एकच द्यावी, पण चुका पाहणे सोडू नये.

वहीत बरोबर उत्तर लिहून काढायचे नसते. त्यात तारीख, प्रश्न क्रमांक आणि चूक कशी झाली हे मुलाच्या स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वहीत डिसेंबरातल्या एका पानावर चार ओळी होत्या : ‘नाही हा शब्द वाचलाच नाही.’ ‘२९ मधून ७ वजा केले, पण हातचा नसताना घेतला.’ ‘दशांशाचे गुणाकार येत नाहीत.’ ‘घाई झाली.’ पहिल्या तीन ओळी उपयोगाच्या आहेत, कारण त्या तीन वेगळी औषधे सांगतात. चौथी ओळ मात्र मी कधीच स्वीकारत नाही. घाई झाली म्हणजे नेमके काय सुटले, हे विचारत राहावे. दोन-तीन वेळा विचारल्यावर मूल सांगते की पहिला पर्याय बरोबर वाटला म्हणून पुढचे तीन वाचलेच नाहीत. ही खरी नोंद होय.

महिन्याने ही वही मुलाबरोबर बसून वाचावी. त्या मुलाच्या वहीत सहा प्रश्नपत्रिकांमध्ये मिळून ‘नाही’ न वाचल्यामुळे गेलेले नऊ प्रश्न निघाले, म्हणजे अठरा गुण. त्याला एक नवे गणित शिकवून मी इतके गुण कधीच मिळवून देऊ शकले नसते. तेव्हापासून प्रश्न वाचताना ‘नाही’, ‘नसलेला’, ‘चुकीचा’, ‘सर्वांत लहान’, ‘उतरत्या क्रमाने’ अशा शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढण्याची सवय त्याला लावली, आणि जानेवारी संपेपर्यंत ती चूक त्याच्या वहीतून जवळजवळ नाहीशी झाली.

‘येत नाही’ या प्रकारातल्या चुकांसाठी मागे जाऊन तो घटक पुन्हा शिकवावा आणि त्या आठवड्यात प्रश्नपत्रिका देऊ नये. आकडेमोडीच्या चुकांसाठी कच्च्या कामाची शिस्त लावावी. प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात वाट्टेल तिथे आकडे लिहिणाऱ्या मुलाला स्वतःचाच सात हा एक वाटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून कच्चे काम प्रश्नाच्या क्रमांकासह, एकाखाली एक आणि नीट अंतर सोडून करायला लावावे.

पर्यायांचा उपयोग करायलाही येथेच शिकवावे. ‘एका संख्येला ५ ने भागल्यास बाकी ३ उरते आणि ७ ने भागल्यास बाकी २ उरते, तर ती संख्या कोणती?’ असा प्रश्न असून १८, ३३, ३७ आणि २३ हे पर्याय असतील, तर संख्या शोधत बसण्याची गरज नाही. ५ ने भागून बाकी ३ उरायची तर एकक स्थानी ३ किंवा ८ हवा, म्हणून ३७ लगेच बाजूला होते, जरी ७ ने भागल्यावर त्याची बाकी २ येत असली तरी. उरलेल्या तिघांना ७ ने भागावे. १८ ची बाकी ४, ३३ ची ५ आणि २३ ची २ येते. ३७ हा पर्याय कोणासाठी ठेवला आहे, हे मुलाला विचारावे. दुसरी अट तेवढी तपासून थांबणाऱ्यासाठी, हे त्याला कळले की प्रश्न काढणाऱ्याचे मन वाचायला ते शिकते, आणि मुलांना यात खरोखर गोडी लागते.

उत्तरपत्रिकेचे गोल

गोलांची उत्तरपत्रिका हा स्वतंत्र विषय समजून शिकवावा. डिसेंबरपासून प्रत्येक सराव तशाच कागदावर, निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने द्यावा. वहीत उत्तरांचे क्रमांक लिहून घेणे थांबवावे. पेन्सिलवर वाढलेल्या मुलाला शाईचे उत्तर खोडता येत नाही हे बुद्धीने कळते, पण हाताला कळायला पाच-सहा प्रश्नपत्रिका लागतात. गोल पूर्ण भरायचा, कडेबाहेर जायचे नाही, टिंब किंवा बरोबरची खूण करून भागत नाही, आणि एका प्रश्नाचे दोन गोल भरले तर पाचवीच्या परीक्षेत त्याचा गुण मिळत नाही, हे सगळे प्रत्यक्ष कागदावर दाखवावे. आठवीच्या मुलांना मात्र काही प्रश्नांत दोन अचूक पर्याय नोंदवायचे असतात आणि दोन्ही नोंदवले तरच गुण मिळतात. घरात दोन भावंडे दोन्ही परीक्षांना बसत असतील तर हा फरक दोघांनाही वेगवेगळा समजावावा, कारण लहान मूल मोठ्याचे ऐकते.

सगळे प्रश्न आधी सोडवून शेवटी गोल भरावेत, असे काही जण सांगतात. मोठ्या मुलांना ते जमत असेल, परंतु दहा वर्षांच्या मुलाला शेवटच्या दहा मिनिटांत पंचाहत्तर गोल भरायला लावणे मला धोक्याचे वाटते. एक प्रश्न सोडवला की त्याचा गोल लगेच भरावा. भरण्याआधी प्रश्नाचा क्रमांक मनात उच्चारावा आणि डाव्या हाताचे बोट उत्तरपत्रिकेवर त्याच क्रमांकावर ठेवावे. डावखुऱ्या मुलाचा लिहिता हातच क्रमांक झाकतो, म्हणून त्याला उजव्या हाताचे बोट आणि कागद थोडा तिरका ठेवण्याची सवय आधीपासून करू द्यावी. प्रश्न सोडला तर प्रश्नपत्रिकेवर त्याच्याभोवती मोठे वर्तुळ काढावे आणि उत्तरपत्रिकेवरची ती ओळ बोटाने ओलांडावी. दर दहा प्रश्नांनी थांबून दोन्ही कागदांवरचे क्रमांक जुळतात का ते पाहावे. याला पाच सेकंदही लागत नाहीत. फाटकाशी भेटलेल्या त्या मुलीने चाळिसाव्या प्रश्नाला एकदा जरी थांबून पाहिले असते तरी नऊच ओळी बिघडल्या असत्या.

या तिन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. तरीही त्या वर्षीच्या सूचना वाचून खात्री करावी, आणि मग मुलाला स्पष्ट सांगावे की एकही ओळ कोरी ठेवायची नाही. सोडलेल्या प्रश्नांकडे परत आल्यावर नक्की चुकीचे वाटणारे पर्याय आधी काटावेत आणि उरलेल्यांतून एक निवडावा. शेवटची तीन मिनिटे उरली की विचार थांबवून रिकाम्या ओळी भराव्यात.

घड्याळ लावून सराव जानेवारीच्या आधी घेऊ नये, असे मी म्हणेन. आधी अचूकता, मग वेग. वेग आणायचा तर पंचवीस प्रश्नांना तीस मिनिटे असे तुकडे करून आणावा. संपूर्ण पेपर दीड तासात एका बैठकीला सोडवण्याचे सराव परीक्षेआधी पाच-सहा झाले तरी पुरतात, आणि त्यांतले किमान दोन परीक्षेच्याच वेळेला, म्हणजे दोन्ही पेपर एकाच दिवशी मधल्या सुट्टीसह, घ्यावेत.

यात्रांचे दिवस

आपल्याकडची एक अडचण बाहेरच्या मार्गदर्शक पुस्तकांत सापडत नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा बहुधा फेब्रुवारीत असते आणि त्याआधीचे दोन महिने यात्रांचे असतात : मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची, पौषात पालीची खंडोबाची आणि मांढरदेवीची काळूबाईची, शिवाय प्रत्येक गावची आपली वेगळी. याच काळात ऊसतोड जोरात असते आणि घरातली मोठी माणसे उशिरापर्यंत शेतात असतात. मुलाला यात्रेला नेऊच नये, असे मी म्हणत नाही; पाळण्यात बसण्याचे त्याचे वय आहे आणि घरी एकटे ठेवले तरी त्याचे मन तिकडेच राहील. यात्रेचे दोन दिवस सरळ सुट्टी द्यावी, पण ती आधी ठरवून द्यावी आणि तिसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी वही उघडावी. ज्या घरात संध्याकाळी कोणी नसते तिथल्या मुलांना शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्गातच बसवण्याची सोय शिक्षकांनी केली तर फार मोठे काम होते.

याच दिवसांत मुलाची नजरही तपासून घ्यावी. फळ्यावरचे नीट दिसते म्हणून डोळे चांगले आहेत असे आपण धरतो, परंतु लहान गोलांच्या ओळी चुकवणाऱ्या दोन मुलांना पुढे चष्मा लागल्याचे मी पाहिले आहे.

चौकातल्या अभिनंदनाच्या फलकांबद्दल पालकांशी एकदा मोकळेपणाने बोलावेसे वाटते. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाचे कौतुक व्हावे, यात दुमत नाही. पण फलकाखाली उभे करून ‘पुढच्या वर्षी इथे तुझा फोटो पाहिजे’ असे सांगितलेले मूल माझ्यासमोर सरावाच्या पेपरात रडलेले आहे, कारण पहिल्याच पानावर दोन प्रश्न अडले आणि फोटो गेला असे त्याला वाटले. मुलाशी यादीबद्दल बोलूच नये. आज वहीत किती नव्या चुका आल्या आणि किती जुन्या गेल्या, एवढेच विचारावे. त्याचे उत्तर त्याच्या हातात असते.

परीक्षेचा दिवस

केंद्र आदल्या आठवड्यात जाऊन पाहून यावे. परीक्षा रविवारी असेल तर शाळेच्या वेळची एसटी फेरी त्या दिवशी असेलच असे नाही; आगारात किंवा वाहकाला आधी विचारून घ्यावे, आणि तीन-चार घरांनी मिळून गाडी ठरवणे उत्तम. प्रवेशपत्र, दोन बॉलपेन, पेन्सिल, लिहिण्याचा पुठ्ठा आणि पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत भरून ठेवावी. पेन नवे कोरे नको; आठवडाभर वापरलेले, चालणारे हवे. फेब्रुवारीत सकाळी थंडी आणि दुपारी ऊन असते, त्यामुळे स्वेटर काढता येईल असा आत साधा सदरा घालावा. त्या रात्री नवे काही वाचायला देऊ नये. हवे तर मुलाने स्वतःच चुकांची वही चाळावी आणि नऊ वाजता झोपावे.

वर्गात गेल्यावर पहिले काम बैठक क्रमांक आणि प्रश्नपत्रिकेचा संच कोड नीट भरण्याचे. प्रश्नपत्रिकेवर जो संच छापला आहे तोच उत्तरपत्रिकेवर नोंदवायचा असतो, आणि शेजारच्याचा वेगळा असतो, म्हणून शेजारी बघून भरू नये. काही अडले तर पर्यवेक्षकांना हात वर करून विचारता येते, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते. आपली मुले अनोळखी शाळेत, अनोळखी सरांसमोर तोंड उघडत नाहीत. मी वर्गात हाच प्रसंग करून घेते : एक मूल पर्यवेक्षक होते, दुसरे उभे राहून म्हणते, ‘‘सर, माझ्या प्रश्नपत्रिकेचं एक पान कोरं आहे.’’

दोन पेपरांच्या मधल्या वेळेत पहिल्या पेपराची उत्तरे अजिबात पडताळू नयेत, आणि ही पथ्याची गोष्ट मुलांपेक्षा फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आपल्यासाठी अधिक आहे. डब्यात रोजचेच खाणे असावे. भाकरी-भाजी किंवा दहीभात चांगला, केंद्राबाहेरच्या गाडीवरचा वडापाव त्या दिवशी नको. जेवल्यावर मुलांना थोडे हिंडू द्यावे, स्वच्छतागृहात जाऊन यायला सांगावे आणि दुसऱ्या पेपराला दहा मिनिटे आधी बसवावे.

परीक्षेनंतर

परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते आणि तिच्यावर ठरावीक मुदतीत आक्षेप नोंदवता येतात. घरी आणलेल्या प्रश्नपत्रिकेवर मुलाने आपली उत्तरे खुणावली असतील तर ती सूचीशी ताडून पाहावीत, पण ती पाहण्याचा दिवस आपण ठरवावा. संध्याकाळी दमून आलेल्या मुलाला तेव्हाच बसवू नये. एखाद्या प्रश्नाचे दिलेले उत्तर चुकीचे आहे असे वाटले तर पाठ्यपुस्तकातला आधार घेऊन शिक्षकांशी बोलावे आणि मुदतीत आक्षेप घ्यावा.

सोमवारी मूल नेहमीप्रमाणे शाळेत यावे. त्या दिवशी मी मुलांकडून प्रश्नपत्रिका मागून घेते, प्रत्येक पानावर कुठे अडले, कुठे फसले हे त्यांनाच पेन्सिलने लिहायला लावते, वर वर्ष टाकते आणि वर्गाच्या कपाटात ठेवते. जूनमध्ये नवी मुले येतात तेव्हा त्यांना सगळ्यांत आधी तीच पाने वाचायला मिळतात.